होलिसने ताट पुसलं

होलिस प्रूइटने उभ्या आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलं नाही, असं टर्नबो गावात कुणीही शपथेवर सांगेल. ते पूर्ण खरं नाही. दोनदा म्हटलं त्याने, आणि दोन्ही वेळा घात झाला.

धंद्याने तो बोअर पाडणारा. पश्चिम टेक्ससच्या त्या कोरड्या पट्ट्यात कापूस आणि वारा सोडून धड काही पिकत नाही. तिथे लोकांच्या शेतात यंत्र उभं करायचं आणि जमिनीत पाणी शोधायचं, हे त्याचं काम. यंत्र सुरू करण्याआधी तो टोपी मागे सारून एकच वाक्य बोलायचा, "इथे पाणी लागायचं नाही." मग लागलं तर मालक खूश, आणि नाही लागलं तर होलिसने आधीच सांगितलं होतं. माणूस खडूस होता, मूर्ख नव्हता.

घरी, चर्चमध्ये, खानावळीत, सगळीकडे हाच खाक्या. पाद्र्याचं प्रवचन लांबलं. यंदाचे पीच पाणचट. नवा रस्ता जुन्यापेक्षा वाईट. एखादी गोष्ट इतकी उत्तम निघाली की नाव ठेवायला जागाच उरली नाही, तर तो बराच वेळ चावत राहायचा आणि मग म्हणायचा, "याहून वाईट खाल्लंय." ही त्याची सगळ्यात मोठी पदवी. गावात ती मिळालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या अजून तोऱ्यात असतात.

धंदा सोडल्यावर त्याची रोजची बैठक म्हणजे व्हर्डेल स्किलर्नची खानावळ. कापसाच्या जिनिंगसमोर, लाल पत्र्याचं छप्पर. उजाडायच्या सुमाराला आतून धप धप आवाज सुरू व्हायचा. तो आला की गावाने समजायचं, व्हर्डेल स्टेक कुटतेय, चिकन-फ्राइड स्टेक. नावात चिकन आहे म्हणून कुणी कोंबडी शोधायला जाऊ नये. तिचा संबंध फक्त तळायच्या रीतीपुरता. बीफचा वातड तुकडा दातेरी हातोड्याने कुटून तळहाताएवढ्याचा ताटाएवढा करायचा, मैद्यात लोळवायचा, अंडं फेटलेल्या ताकात बुडवायचा, पुन्हा मैद्यात, आणि बिडाच्या तव्यात कुरकुरीत तळायचा. मग तव्यात उरलेल्या खरवडीत मैदा परतून दूध ओतायचं, मीठ घालायचं, मिरपूड हात न आखडता, आणि ती पांढरी दाट ग्रेव्ही स्टेकवर सोडायची. टर्नबोचे लोक हे खाण्यासाठीच जगत होते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण दुसरं कशासाठी जगत होते, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

खानावळीच्या भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना कप. ज्याचा कप त्याचा खिळा. माणूस गेला की व्हर्डेल त्याचा कप घासूनपुसून त्याच्या घरी नेऊन द्यायची. आणखी एक रीत होती. जेवण झालं की भाजक्या पावाने ताट पुसून लख्ख करायचं. ताटात ग्रेव्ही ठेवून उठणं म्हणजे रांधणाऱ्या बाईच्या तोंडावर बोलण्यासारखं. सगळे पुसायचे. होलिस एकटा तत्त्व म्हणून चमचाभर ग्रेव्ही ताटात ठेवायचा.

"ही एवढी कुणासाठी ठेवलीस रे?" व्हर्डेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची.

"तुझ्यासाठी. चाखून बघ, म्हणजे कळेल लोक काय सोसतात."

"मग येतोस कशाला मेल्या रोज मरायला?"

"सुधारतेस का बघायला."

व्हर्डेल सत्तरीला टेकलेली, विधवा, खांदे बोअरवाल्यासारखे. रोज हा संवाद झाल्याशिवाय दोघांचाही दिवस उजाडत नसे. यात प्रेमबीम काही नव्हतं, असं दोघंही म्हणायचे. कुणी विचारलेलं नसताना म्हणायचे.

आता ते पहिलं 'चांगलं'. ओलेटा, होलिसची बायको. मक्याचा पाव असा करायची की शेजारपाजारचे वासावर यायचे, आणि होलिस चाळीस वर्षं त्याला 'कोरडा' म्हणत आला. मग ती आजारी पडली. डॉक्टरने होलिसला बाजूला घेतलं, आणि तिला एवढ्यात काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. एका सकाळी ओलेटा भिंत धरत धरत उठली, पाव भट्टीत घातला आणि विसरली. खालून कोळसा झाला. होलिसने तो सगळा खाल्ला आणि म्हणाला, "चांगला झालाय."

ओलेटाने हातातली सुरी खाली ठेवली. त्याच्याकडे बघत राहिली.

"होलिस," ती म्हणाली, "डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाला?"

उत्तर द्यायची गरजच उरली नव्हती. तेव्हापासून 'चांगलं' हा शब्द त्याने तोंडातून हद्दपार केला तो केलाच. ओलेटा गेल्यावर सकाळी त्याच्या घरात फक्त फ्रिज घरघरायचा. म्हणून तो व्हर्डेलकडे आवाज सुरू व्हायच्या आधीच जाऊन पिकअपमध्ये बसून राहायचा.

मग तो फेब्रुवारी आला. व्हर्डेलला ताप भरला, आठवडाभर खानावळ बंद. ती परत आली तेव्हा जरा उतरलेली होती, पण हातोडा तसाच पडत होता. पहिलं ताट डब यॉकमपुढे आलं. डब जिनिंगमधला जुना मेकॅनिक. होलिसशी शाळेपासून भांडत आलेला, म्हणून रोज त्याच्याच टेबलावर बसायचा. पहिल्या घासाला डबचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या घासाला ते भरून आले.

"टॉमी जीन," तो वाढणाऱ्या बाईला हळूच म्हणाला, "पाण्याचा जगच ठेव इथे."

ग्रेव्ही खारट होती. खारट म्हणजे थोडी जास्त नव्हे. गुरांना चाटायला ठेवतात तो मिठाचा दगड दुधात विरघळवावा, तशी. सगळ्या टेबलांवरचे काटे थांबले. टर्नबोत शेजाऱ्याला तोंडावर सांगता येतं की तुझं कुंपण वाकडं आहे आणि तुझा पोरगा वाया गेलाय. पण बाईच्या ग्रेव्हीबद्दल कुणी बोलत नाही. होलिस सोडून. त्यामुळे सगळ्यांचे डोळे होलिसकडे वळले.

होलिसने घास गिळला. खिडकीकडे बघितलं. "कॉफी पांचट आहे," तो म्हणाला.

बाहेर पिकअपजवळ डबने त्याला गाठलं. "काय रे, रोज तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि आज दातखीळ बसली?"

"तू बोलायचंस."

"मी? मला माझ्या आईने वळण लावलंय."

"तिच्या सासूचं आठवतंय ना?" होलिसने विचारलं.

ते सगळ्यांनाच आठवत होतं. आधी ही खानावळ सासूची. म्हातारपणी तिचं भान सुटत गेलं, ग्रेव्हीत साखर पडायला लागली. लोकांनी ताटं पुसली, गोड बोलले आणि बाहेर येऊन पोट धरून हसले. ते व्हर्डेलने मागच्या दारातून ऐकलं. सासूला पुरून आली त्या दिवशी तिने भर खानावळीत सांगितलं होतं, "माझी ग्रेव्ही बिघडली की त्याच दिवशी दारावरची पाटी उलटी करीन, खानावळ बंद. परत तव्याला हात लावणार नाही." आणि व्हर्डेल बोलली ते करायची, हीच तर पंचाईत होती.

"आज बोललो तर उद्या पाटी उलटी," होलिस म्हणाला. "मग सकाळी कुठे जाशील?"

"घरी बायको आहे माझी," डब म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय."

डबने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

अशा रीतीने टर्नबो गावाने मिठाची ग्रेव्ही खायला सुरुवात केली. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच, फक्त इथे मीठ जरा फार झालं होतं. ताटं रोज लख्ख पुसलेली. लोक जेवून उठायचे ते थेट जिनिंगच्या नळावर. डबचे पाय सुजले, बूट चढेनात. डॉक्टरने विचारलं, खाण्यात काही बदल? डब म्हणाला, छे, तेच ते. एकदा त्याने अर्धी ग्रेव्ही थर्मासच्या झाकणात लपवून बाहेर नेली आणि आपल्या डेप्युटी नावाच्या कुत्र्यापुढे ठेवली. डेप्युटीने हुंगलं, डबकडे बघितलं आणि पिकअपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. गावात तेवढा एकच सरळ प्राणी उरला होता.

सगळ्यात जास्त हाल होलिसचे. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरींची त्याला चांगली माहिती. ग्रेव्हीला नाव ठेवावं तर खानावळ बंद. गप्प बसावं तर व्हर्डेलला संशय. म्हणून तो बाकी सगळ्याला नावं ठेवत सुटला. काटा वाकडा आहे. खुर्ची डुगडुगते. वारा आज चुकीच्या दिशेने येतोय. मिरपूड डोळ्यांत जाते असंही एकदा म्हणणार होता, पण ती ग्रेव्हीतलीच, म्हणून त्याने जीभ चावली. आणि तो नेहमीचा चमचा? ताटात ग्रेव्ही ठेवली तर ती तक्रारच ठरेल, अशी धास्ती त्याला पडली. म्हणून त्यानेही पाव घेतला आणि ताट पुसलं. रोज पुसायला लागला. टॉमी जीनने पहिल्यांदा ते ताट उचललं तेव्हा ती जरा थबकली. पण तिला चार टेबलं बघायची होती.

मार्च सरत आला तेव्हाची गोष्ट. दुपारची गर्दी ओसरली होती. व्हर्डेल स्वयंपाकघरातून बाहेर आली, जे ती कधी करत नसे, आणि होलिससमोर खुर्ची ओढून बसली. त्याचं ताट अजून पुढ्यातच होतं. आरशासारखं.

"खुर्ची डुगडुगते," होलिस म्हणाला.

"डुगडुगू दे. ग्रेव्हीबद्दल बोल."

"काय बोलू?"

"काहीही. महिनाभर तू ग्रेव्हीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. पातळ झाली म्हण. गुठळ्या झाल्यात म्हण."

होलिसने डबकडे बघितलं. डब छताकडे बघत होता. होलिसच्या तोंडाला कोरड पडली होती, थोडी भीतीने आणि बरीचशी मिठाने. आणि जी चूक परत करायची नाही असं त्याने ठरवलं होतं, तीच त्याच्या तोंडून निसटली.

"चांगली झालीय," होलिस म्हणाला.

डबने डोळे मिटून घेतले.

व्हर्डेल हलली नाही. मग तिने ते ताट आपल्याकडे ओढलं, त्यात स्वतःचं तोंड बघितलं, आणि उठून एप्रन सोडला. घडी घालून टेबलावर ठेवला. "टॉमी जीन, गॅस बंद कर," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धप धप आलं नाही. पाटी उलटी. आणि प्रत्येकाच्या दारात, पायरीवर, त्याचा त्याचा कप, घासूनपुसून ठेवलेला. डबच्या बायकोने सकाळी दार उघडलं, कप बघितला आणि किंकाळी फोडून आत धावली, नवरा जिवंत आहे का बघायला. डब दाढी करत होता. "अजून आहे," तो म्हणाला, पण म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

होलिसच्या पायरीवर कप नव्हता. त्याने पायपुसणं उचलून बघितलं. झुडपात बघितलं. मग आत येऊन बसला. बाकीचे लोक पेट्रोल पंपावर जाऊन गार सँडविच खायला लागले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. होलिस तिथेही गेला नाही. फ्रिजची घरघर ऐकत दोन दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी व्हर्डेलच्या घराच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कप न्यायला आलोय."

"फोडला," व्हर्डेल जाळीच्या दारामागून म्हणाली.

"कशाला?"

"तू हाताशी नव्हतास म्हणून."

होलिसने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते न कळून परत घातली.

"मला नाक नाही राहिलं, होलिस. जीभही नाही. तापात गेली ती परत आलीच नाही. साखर आणि माती मला सारखीच. मला वाटलं, हाताला आठवतंय सगळं. तरी तव्यापुढे उभी राहिले की वाटायचं, मीठ टाकलं का? लागत तर नाहीये. मग परत टाकायचे." तिचा आवाज चढला. "गावाचं मला काही नाही. ते सासूशीही गोड बोलले होते. पण मी तुझ्या भरवशावर होते! मला वाटायचं, तो मेला खडूस बसलाय ना बाहेर. काही बिघडलं तर पहिला तोच बोंबलेल. रोज खिडकीशी कान लावून उभी राहायचे. तू काट्याला नावं ठेवायचास, खुर्चीला ठेवायचास, आणि मी म्हणायचे, चला, ग्रेव्ही ठीक आहे. आणि तू? ताट पुसलंस! तू!"

"बोललो असतो तर तू पाटी उलटी केली असतीस."

"मग आता काय सुलटी आहे?"

होलिसने तिला ओलेटाचं सांगितलं. मक्याचा पाव, खालचा कोळसा, आणि ती काय म्हणाली ते. इतकी वर्षं त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, डबलाही नाही.

"चांगलं म्हणालो तर ती गेली," तो म्हणाला. "वाईट म्हणालो तर तू जाशील असं वाटलं. मला दुसरीकडे जायला जागा नाही, व्हर्डेल."

जाळीवर एक माशी चालत होती.

"किती वाईट होती?" तिने विचारलं.

"डेप्युटीने तोंड लावलं नाही."

"त्या कुत्र्याने? तो तर मेलेलं कासव खातो."

"बघितलं हुंगून. गेला."

व्हर्डेलचे खांदे हलायला लागले. होलिसला वाटलं, रडतेय. ती हसत होती, मग रडत होती, मग दोन्ही. शेवटी तिने बाहीने तोंड पुसलं आणि दार उघडलं.

"आत ये. माश्या येतायत."

तिने घरचा तवा ठेवला. खरवड, मैदा, दूध. मीठ टाकलं आणि चमचा त्याच्यापुढे धरला.

"खारट," होलिस म्हणाला. तिने सगळं ओतून दिलं. परत केलं. "अळणी." परत. "मैदा कच्चा आहे." परत. "ही आधीच्यापेक्षा बरी, म्हणजे वाईटच." मोरीत पांढरा चिखल झाला. व्हर्डेल घामाघूम झाली आणि होलिसचा चेहरा हळूहळू उजळत गेला. इतक्या दिवसांनी त्याला खरं बोलायची मुभा मिळाली होती, आणि समोर कुणी मरत नव्हतं.

तेव्हापासून खानावळीत एक नवी रीत सुरू झाली. हातोडा थांबला की होलिस मागच्या दाराने आत जायचा, तव्यापुढे उभा राहायचा आणि चमचा तोंडात घालायचा. तो नाही म्हणतोय तोवर व्हर्डेल वाढायची नाही. अर्थात तो आधी दोनदा तरी नाही म्हणायचाच. पाटी सुलटी झाली त्या सकाळी सगळे आपापले कप कोटाच्या खिशात घालून आले आणि खिळ्याला लावताना कुणी कुणाकडे बघितलं नाही. होलिसच्या खिळ्याला व्हर्डेलने स्वयंपाकघरातला पत्र्याचा मापाचा कप अडकवला होता.

तर ती सकाळ. तव्यापुढे दोघं. होलिसने तिसरा चमचा तोंडात घातला आणि थांबला. मीठ बरोबर. मिरपूड जिभेच्या मागच्या बाजूला, जिथे असायला हवी तिथेच. तापाच्या आधीची, जशी इतकी वर्षं होती तशीच्या तशी.

व्हर्डेल चमच्याकडे बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडे बघत होती. "काय?" तिने विचारलं. तिचा हात तव्याच्या दांड्यावर घट्ट होता. "गप्प का झालास? होलिस? खरं बोल."

होलिसने बराच वेळ चावलं. ग्रेव्ही चावायची गोष्ट नव्हे.

"याहून वाईट खाल्लंय," तो म्हणाला.

व्हर्डेलने तोंड फिरवलं. एप्रनच्या टोकाने नाक पुसलं, तवा उगाच सरळ केला. "टॉमी जीन," तिने हाक मारली, "दार उघड, लोक ताटकळलेत."

होलिस पुढच्या बाजूने जाऊन डबसमोर बसला. स्टेक आला. तो वातड असल्याचं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कॉफी पांचट होती आणि खुर्ची अजून डुगडुगत होती. डबने आपलं ताट पावाने पुसून लख्ख केलं. होलिसने पाव उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत खाली ठेवला.

टॉमी जीन ताटं घेऊन आत आली. व्हर्डेलने खिडकीशीच तिला थांबवलं आणि वरचं ताट काढून घेतलं. त्यात एका कडेला चमचाभर ग्रेव्ही ठेवलेली होती.